लेखी संमती कोणाकडून घेणार?

लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आठवड्याला ९० तास कामाचा आग्रह धरला, कर्मचाऱ्यांना रविवारी कामाला लावता येत नाही याची खंतही बोलून दाखवली. जानेवारी २०२५ मध्ये ती चित्रफीत बाहेर आली आणि आपल्याकडे रान पेटलं. नारायण मूर्तींचे ७० तास की हे ९०, यावर आमच्या घरच्या ग्रुपवर अजूनही वाद होतात. जर्मनीतल्या यंत्रांच्या कारखान्यात काम करताना मला वाटतं, तासांच्या आधी हे विचारावं: नाही म्हणायची सोय कोणाला आहे?

आधी मी चाकणच्या कारखान्यात होतो. तिथे महिनाअखेर आली, की डिस्पॅचसाठी रविवारी कोणी यायचं त्यांची नावं फळ्यावर लागायची. विचारायचं कोणीच नाही. कंत्राटी पोरं नाव वाचून मुकाट डबा घेऊन यायची, कारण दांडी मारली तर सोमवारी गेटवरूनच परत पाठवायचे. आम्ही इंजिनीअरसुद्धा 'साहेब अजून बसलेत' म्हणून काम नसताना थांबायचो.

इथे जर्मनीत जादा पाळी लावायची तर कामगारांनी निवडून दिलेल्या मंडळाची, बेट्रीब्सराटची, मंजुरी लागते. कायदाच तसा आहे. आमच्या प्लँट मॅनेजरने एकदा महिन्याचे सगळे शनिवार मागितले. मंडळाने विचारलं, ऑर्डर वाढणार हे आधी कळलं होतं, मग माणसं का वाढवली नाहीत? निम्मेच शनिवार मिळाले, तेही बदली रजा देऊन. पुढच्या वेळी नियोजन वेळेवर झालं.

इथेही सगळं आलबेल नाही. फोक्सवॅगनच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्मे सदस्य कामगारांच्या बाजूचे, तरी २०१५ मध्ये उघड झालेला डिझेल घोटाळा, म्हणजे गाड्यांच्या प्रदूषण चाचणीतली फसवणूक, तिथे वर्षानुवर्षं चालला. दिवसाची आठ तासांची मर्यादा सैल करायची भाषा आता सरकारही करतं.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तास आणि तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास करायला मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट आहे. पण सुपरवायझरच्या टेबलापुढे एकटा उभा असलेला कंत्राटी कामगार सही करणार नाही तर काय करणार? शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या प्रतिनिधींची कार्यसमिती नेमायची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच होती, पण तिचं काम चर्चेपुरतं. ओव्हरटाइमची संमती निवडून आलेल्या समितीकडूनच घ्या, तिला नकाराचा अधिकार द्या, आणि तिच्या निवडणुकीत कंत्राटी कामगारालाही मत असू द्या.