रेडिओ सायलेन्समध्ये कान उघडेच असतात

परवा भाचीचा फोन आला. गेलं वर्षभर ती नौदलावरची एक युद्धकथा लिहितेय. "मामा, तिसऱ्या प्रकरणातलं ते दृश्य मी काढून टाकलं," म्हणाली. कुठलं, तर नेमकं तेच, जे वाचून मी तिला रात्री साडेअकराला झोपेतून उठवलं होतं. ताफा रेडिओ सायलेन्समध्ये, म्हणजे रेडिओवरून काहीही न पाठवता, चाललाय आणि एका जहाजावरच्या ऑपरेटरला दूरच्या कुठल्यातरी बुडत्या जहाजाची हाक ऐकू येते. तो अक्षर न् अक्षर उतरवून घेतो. संदेश पाठवायची मोर्सची की हाताशी आहे, पण तिला हात लावायचा नाही. मागे कॅप्टन उभा.

"अगं, पण काढलंस का?"

"सायलेन्समध्ये काही ऐकूच येत नाही म्हणे."

मग तिने हे जिथे वाचलं ते ढकलपत्र मलाही पाठवलं. 'युद्धकथेत रेडिओ सायलेन्स: लेखक करतात त्या पाच चुका'. आठवड्याभरात तेच मला आणखी तिघांकडून आलं. त्यातले पाच मुद्दे थोडक्यात असे. एक, सायलेन्स म्हणजे सगळे संच बंद, पात्राला काही ऐकू येणं अशक्य. दोन, एक शब्द बोललात की काही सेकंदांत शत्रूला तुमची नेमकी जागा कळते. तीन, संदेश सांकेतिक असेल तर मौनाची गरजच नाही. चार, जीव गेला तरी मौन तोडायचं नसतं, दुसऱ्या महायुद्धातल्या इंडियानापोलिस या अमेरिकन युद्धनौकेचे खलाशी त्यामुळेच मेले. पाच, आता हे सगळं कालबाह्य आहे, कथेत वापरणं ही लेखकाची पळवाट.

मी नौदलात नव्हतो. व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. जहाजावरची माणसं आम्हाला 'मार्कोनी' म्हणायची. हेडफोन आणि की, यांवर माझं पोट भरलं. त्यामुळे पहिला मुद्दा वाचूनच माझं डोकं फिरलं.

रेडिओची दोन वेगळी कामं असतात, पाठवणं आणि घेणं. ट्रान्समीटर लहरी बाहेर फेकतो, म्हणून पकडला जातो. रिसीव्हर ऐकतो. मौनाचा हुकूम असतो तो ट्रान्समीटरला. उलट मौनात ऐकण्याचं काम दुप्पट अवघड होतं, कारण 'पुन्हा सांगा' म्हणायची सोय राहत नाही. किनाऱ्यावरून ताफ्यासाठी जे संदेश सुटतात त्यांना म्हणूनच अनुक्रमांक दिलेले असतात. 142 नंतर एकदम 144 आला की ऑपरेटरच्या पोटात गोळा येतो, मधला गेला कुठे?

पर्ल हार्बरचंच घ्या. 26 नोव्हेंबर 1941 रोजी सहा विमानवाहू जहाजांचा जपानी ताफा हितोकाप्पू उपसागरातून निघाला, तो पूर्ण मौनात. 2 डिसेंबरला जपानहून त्यांच्यासाठी संदेश सुटला: 'निइताका पर्वत चढा, 1208'. म्हणजे हल्ला ठरल्याप्रमाणे, जपानी तारखेने 8 डिसेंबरला. ताफ्याने तो घेतला, पोच दिली नाही, पुढे निघाला. संच बंद असते तर हल्ला करायचा की मागे फिरायचं हे त्यांना सांगणार कोण होतं? मेसेज लिहिणाऱ्याने एवढा तरी विचार करायचा.

यात अर्धवट खरं म्हणावं असं एक आहे, तेही नाइलाजाने सांगतो. काही रिसीव्हरमधूनही थोड्याफार लहरी बाहेर गळतात. जर्मन पाणबुड्यांवर मेटॉक्स नावाचा रिसीव्हर होता, शत्रूच्या रडारची चाहूल देणारा. याच्या गळतीवरूनच आपल्या पाणबुड्या सापडताहेत, अशी 1943 मध्ये जर्मनांची समजूत झाली आणि त्यांनी त्याचा वापर थांबवला. खरी कारणं वेगळी होती. दोस्त राष्ट्रांचं नवं 10 सेंटिमीटरचं रडार मेटॉक्सला ऐकूच येत नव्हतं, आणि जर्मनांचं सांकेतिक यंत्र एनिग्मा फुटलेलं होतं. गळतीची भीती खोटी नव्हे, पण तिच्यावरून 'सायलेन्स म्हणजे बहिरेपण' असा नियम निघत नाही.

माझ्या रेडिओ रूममधल्या घड्याळाच्या तबकडीवर दोन लाल पाचरी रंगवलेल्या होत्या, 15 ते 18 मिनिटं आणि 45 ते 48 मिनिटं. तासातून दोनदा, त्या तीन-तीन मिनिटांत 500 किलोहर्ट्झवर कुठल्याही जहाजाने ब्र काढायचा नाही. अपवाद फक्त संकटात असलेल्याचा. दिवसभर गजबजलेली ती फ्रिक्वेन्सी काटा लाल पाचरीत शिरला की एकदम रिकामी व्हायची. मागे उरायची खरखर. त्या खरखरीत कान लावून बसायचं, दूर कुणी क्षीण आवाजात हाक मारत असेल तर ती चुकू नये म्हणून. 1 फेब्रुवारी 1999 ला संकटसंदेशांची नवी स्वयंचलित पद्धत पूर्णपणे लागू झाली आणि ते घड्याळ कामातून गेलं. पण मी ज्या मौनात नोकरी केली ते कुणाचं तरी ऐकण्यासाठी पाळलेलं मौन होतं. रिसीव्हर बंद ठेवल्यावर काय होतं तेही समुद्राने पाहिलंय. टायटॅनिकच्या रात्री कॅलिफोर्नियन जहाज जवळपास होतं, पण त्याचा एकुलता एक ऑपरेटर दिवसाचं काम आटोपून झोपला होता.

दुसरा मुद्दा, काही सेकंदांत नेमकी जागा. एका ठिकाणाहून ऐकून फक्त दिशा कळते. जागेसाठी दोन-तीन ठिकाणांहून रेषा ओढाव्या लागतात, आणि लांबच्या अंतरावर त्या रेषा जिथे मिळतात तिथे टिंब नसतं, समुद्राचा भला मोठा तुकडा असतो. मे 1941 मध्ये जर्मन युद्धनौका बिस्मार्क ब्रिटिशांचा पाठलाग चुकवून निसटली होती. तिच्यावरच्या अ‍ॅडमिरल ल्युटयेन्स यांना मात्र वाटत होतं की शत्रू अजून मागावर आहे. त्या समजुतीत त्यांनी 25 तारखेला लांबलचक संदेश पाठवला. ब्रिटिशांनी दिशा टिपल्या, पण ताफ्याच्या प्रमुख जहाजावर त्या नकाशावर चुकीच्या मांडल्या गेल्या आणि ताफा भलतीकडेच धावला. बिस्मार्क सापडली ती दुसऱ्या दिवशी, विमानातून. आता हे खरं की आज दिशा शोधणं फार वेगवान झालंय. 2023 च्या पहिल्या दिवशी युक्रेनमधल्या माकियिव्का इथे रशियन सैनिकांवर क्षेपणास्त्रं पडली, आणि सैनिकांनी मोबाईल वापरल्यामुळे जागा कळली असं खुद्द रशियाच्या संरक्षण खात्याने सांगितलं. म्हणून आजच्या युद्धावर लिहिणाऱ्याने हा मुद्दा जरूर मनावर घ्यावा. 1942 च्या समुद्रावर लिहिणाऱ्याने नाही.

तिसऱ्यावर फार वेळ घालवत नाही. संदेश फुटला नाही तरी कोण बोलतंय, किती बोलतंय, कुठून बोलतंय एवढ्यावरून पुष्कळ कळतं. शिवाय की चालवणाऱ्याचा हात ओळखू येतो. माझ्या वेळी काही किनारी स्टेशनांवरचे ऑपरेटर मी पहिल्या दोन शब्दांत ओळखायचो, नाव ठाऊक नसतानाही. म्हणूनच जपान्यांनी ताफा गप्प ठेवून मायदेशातून खोटी वर्दळ चालू ठेवली होती. तिकडे 2 डिसेंबर 1941 ला अमेरिकन गुप्तवार्ता अधिकारी लेटन यांनी आपल्या ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल किमेल यांना सांगितलं की जपानी विमानवाहू जहाजांचा ठावठिकाणा लागत नाही. म्हणजे ती पर्ल हार्बरजवळच्या डायमंड हेड टेकडीला वळसा घालत असली तरी तुम्हाला कळणार नाही, असं किमेल यांनी विचारलं. पाच दिवसांनी काय झालं ते जगाला माहीत आहे. आणि आपल्याकडचं 1971 सालचं उदाहरण बघा. गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या शोधात आली तेव्हा विक्रांत दूर अंदमानकडे होती, आणि विशाखापट्टणमजवळ राजपूत हे जहाज विक्रांत असल्यासारखी रेडिओवर बडबड करत होतं. आईच्या तब्येतीची चौकशी करणारी एका खलाशाची साधी तारसुद्धा मुद्दाम उघड पाठवली होती. हे पूर्व नौदल विभागाचे तेव्हाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनीच आपल्या आठवणींत लिहिलंय. एकाचं मौन झाकायला दुसऱ्याने बोलत राहायचं, हा कथेसाठी केवढा ऐवज आहे!

पाचवा मुद्दा आधी उरकतो. अण्वस्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्या आजही आठवडेच्या आठवडे एक अक्षर न पाठवता फिरतात आणि फार कमी फ्रिक्वेन्सीवरचे संदेश पाण्याखाली घेत राहतात. तमिळनाडूतलं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र त्याच कामासाठी आहे. कालबाह्य कसलं? पळवाटीचं म्हणाल तर हो, कथानक अडलं की 'रेडिओ सायलेन्स' म्हणून पात्रांची तोंडं बांधणारे लेखक मीही वाचलेत, आणि वैतागलोय. पण दोष त्यांच्या आळसाचा. मौनातली माणसं बोलायच्या दुसऱ्या वाटा शोधतात, दिवे, निशाणं, हातवारे. 18 एप्रिल 1942 ला टोकियोवरच्या हल्ल्यासाठी चाललेल्या अमेरिकन ताफ्याच्या एका वैमानिकाला जपानी टेहळणी नौका दिसली. त्याने रेडिओला हात लावला नाही. चिठ्ठी लिहिली, वजनाच्या पिशवीत घातली, माघारी येऊन एंटरप्राइझ या विमानवाहू जहाजाच्या डेकवर टाकली. थोड्या वेळाने दुसऱ्या एका टेहळणी नौकेने ताफा पाहिला आणि लगेच रेडिओवरून कळवलं, कारण तिला तिथे ठेवलंच होतं बोलण्यासाठी. गप्प राहणारा आणि बोलणारा, दोघांनी आपापलं काम चोख केलं.

राहिला चौथा मुद्दा, आणि त्यावर मी गप्प बसणार नाही. 'जीव गेला तरी मौन तोडायचं नसतं.' दुसऱ्या महायुद्धात माझ्या पेशातली माणसं मौन पाळतच महासागर ओलांडायची. पण हल्ला झाला की मौन तोडायचं, हा त्यांना हुकूम होता. पाणबुडी असेल तर एसएसएसएस, युद्धनौका असेल तर आरआरआरआर, व्यापारी जहाजाचं सोंग घेतलेली हल्लेखोर नौका असेल तर क्यूक्यूक्यूक्यू, पुढे आपली जागा. जर्मन हल्लेखोर नौका आधी बजावायच्या, रेडिओ वापरू नका. वापरला की तोफा रेडिओ रूमवर. तरीही कीवर बसून राहिलेले ऑपरेटर होते. संकटात कोणी बोलायचंच नसतं असं लिहिणं म्हणजे त्या माणसांनी शेवटच्या मिनिटांत जे केलं तेच पुसून टाकणं.

इंडियानापोलिसचं तर सगळंच उलटं सांगितलंय. त्या जहाजाची गुप्त मोहीम 26 जुलै 1945 ला संपली होती, अणुबॉम्बचे भाग टिनियन बेटावर उतरवले तेव्हाच. 30 जुलैला मध्यरात्र उलटल्यावर जपानी पाणबुडीचे दोन टॉर्पेडो लागले तेव्हा ते फिलिपाइन्समधल्या लेटेच्या वाटेवर होतं. बारा मिनिटांत बुडालं. तेवढ्यातही कॅप्टन मॅकव्हे यांनी संकटसंदेश पाठवायला सांगितलं आणि रेडिओ रूममधली माणसं त्यासाठी धडपडली, हे वाचलेल्यांच्या साक्षींत आहे. मौन पाळत कोणी बुडालं नाही. मग शोध का झाला नाही? युद्धनौका बंदरात पोचल्याची वर्दी द्यायची नाही, असा आदेश होता. त्याचा अर्थ असा लावला गेला की न पोचल्याचीही द्यायची नाही. जहाज आलं नव्हतं आणि नोंदीत ते आलं असं धरलं होतं. 1,195 माणसांपैकी 316 वाचली. 'मोहीम गुप्त म्हणून संदेशच पाठवला नाही' हे वाक्य मुळात शार्कवरच्या एका गाजलेल्या चित्रपटातल्या संवादाचं. प्रसंग जबरदस्त आहे, पण त्यात बुडाल्याची तारीखसुद्धा चुकलीय. त्याला इतिहास समजून लेखकांना धडे द्यायचे?

ती माणसं सापडली 2 ऑगस्टला. गस्तीच्या विमानामागे लोंबणाऱ्या अँटेनात बिघाड झाला म्हणून वैमानिक ग्विन मागे बघायला गेला आणि खाली त्याला तेलाचा तवंग दिसला. त्या रात्री सेसिल जे. डॉयल ही नौका तिकडे धावत होती. तिचे कॅप्टन क्लेटर यांनी सर्चलाइट लावून झोत थेट ढगांवर सोडला. पाणबुड्यांच्या समुद्रात रात्री दिवा दाखवणं म्हणजे शत्रूला आपला पत्ता देणं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाण्यातल्या माणसांना कोणीतरी येतंय हे दिसावं म्हणून त्यांनी तो दिवा लावला.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या कॅप्टनपुढे दोन्ही वाटा खुल्या आहेत."

"आहेत. तो काय करतो ते तू ठरव," मी म्हटलं. "पण ऑपरेटरला ते ऐकू आलंय. ते दृश्य परत घाल."