फूल, दोन पाने आणि स्कॉटलंड

१८ सप्टेंबर २०१४ रोजी कामावर जाण्यापूर्वी मी एडिंबरोच्या लीथ भागातील मतदान केंद्रावर गेलो आणि स्कॉटलंडने स्वतंत्र देश व्हावे की नाही, यावर मत देऊन आलो. भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या माणसाला हा अधिकार कसा, असे वडिलांनी फोंड्याहून फोनवर विचारले. राष्ट्रकुलातील देशांचे जे नागरिक येथे रीतसर राहतात, त्यांना मत देता येते, हे मी सांगितले. पण परक्यांना विचारून देश मोडायचा की ठेवायचा हे ठरवणारे लोक त्यांना फारसे शहाणे वाटले नाहीत. मतदान कक्षात दोरीने बांधलेली पेन्सिल होती, बोटाला शाई लागली नाही आणि मतपत्रिकेवर एकच छोटा प्रश्न होता, त्याखाली 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. चिन्हे नव्हती, हे मला चुकल्यासारखे वाटले.

चिन्हे आठवण्याचे कारण घरचे आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला, तेव्हा विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. आमचे आजोबा फुलाचे होते आणि सुमारे ३४ हजार मतांनी फूल हरल्याचे दुःख त्यांनी शेवटपर्यंत बाळगले. मात्र त्या कौलानंतर घडलेली गोष्ट गोव्याबाहेर फारशी कुणी लक्षात ठेवत नाही. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांचे सरकार आधीच पायउतार झाले होते. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले, त्यांनीच बांदोडकरांच्या विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले.

स्कॉटलंडमध्ये आठ महिन्यांत नेमके तेच घडले. सुमारे ८५ टक्के मतदान झाले, ५५.३ टक्क्यांनी 'नाही' म्हटले आणि मे २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीने स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. याचा उलगडा बराचसा अंकगणिताने होतो. हरलेले ४५ टक्के एका पक्षामागे गोळा झाले आणि जिंकलेले ५५ टक्के मजूर, हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट अशा तीन पक्षांत विभागले गेले. सर्वांत जास्त मते त्याची जागा, अशी ही पद्धत असल्यामुळे असे मतविभाजन किती महागात पडते, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. मजूर पक्षाने संघराज्य टिकवण्याच्या प्रचारात हुजूर पक्षाच्या खांद्याला खांदा लावला होता. त्याची शिक्षा म्हणून २०१० मधील ४१ स्कॉटिश जागांवरून तो पक्ष एका जागेवर आला.

हुजूर पक्षाला मात्र या पडझडीत इंग्लंडमध्ये फायदा दिसला. निकालाच्या दिवशी सकाळीच हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी इंग्लंडच्या कायद्यांवर इंग्लंडच्याच खासदारांनी मत द्यावे, हा विषय काढला आणि पुढच्या प्रचारात मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड यांना नॅशनल पार्टीचे ॲलेक्स सॅमंड यांच्या कोटाच्या खिशात बसवणारे पोस्टर इंग्लंडमध्ये झळकले. म्हणजे 'नाही' म्हणून आपण देशातच राहिलो, असे ज्यांना वाटले, त्यांच्याच प्रतिनिधींची भीती दाखवून उरलेल्या देशात मते मागितली जात होती. मला स्वतःला कॅमेरन यांची त्या सकाळची घाई सॅमंड यांच्या कोणत्याही भाषणापेक्षा संघराज्याला जास्त हानिकारक वाटली.

दोन्ही बाजूंचा संसार प्रश्न लोंबकळत राहण्यावर चालला, असे माझे मत झाले आहे. २०१६ मध्ये स्कॉटलंडमधील ६२ टक्के मतदारांना युरोपीय संघात राहायचे होते, तरीही एकूण ब्रिटनच्या कौलामुळे त्यांना बाहेर पडावे लागले. त्यामुळे पुन्हा सार्वमत मागायला खरे कारण मिळाले. परंतु २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधील ब्रिटिश संसदेच्या, संमतीवाचून एडिंबरोच्या संसदेला असे सार्वमत घेता येणार नाही. संमती देण्यात लंडनच्या कोणत्याही सरकारचा लाभ नाही आणि संमती मिळाली नाही म्हणून गाऱ्हाणे मांडत राहण्यात नॅशनल पार्टीचे फारसे नुकसान नाही, असे अनेक वर्षे दिसत होते. २०२४ मध्ये ते गणित बिघडले आणि पक्ष ४८ जागांवरून ९ वर आला. तरीही मतचाचण्यांमध्ये स्वातंत्र्याचा पाठिंबा निम्म्याच्या आसपासच राहिला, म्हणजे लोक मागणीला कंटाळले नव्हते, पक्षाला कंटाळले होते. वेगळ्या विदर्भाची मागणी विरोधी बाकांवर किती जोरात ऐकू येते आणि सत्तेत गेल्यावर कशी विरते, हे पाहिलेल्यांना हा फरक चटकन कळेल.

फोंड्याच्या शाळेतील मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात मला दर निवडणुकीला एकच प्रश्न येतो: देश तोडायला निघालेला पक्ष तिथल्या संसदेत बसतो कसा? नुसता बसत नव्हता. २०१५ पासून २०२४ पर्यंत तो तिसरा मोठा पक्ष होता आणि दर बुधवारी पंतप्रधानांना दोन प्रश्न विचारण्याचा मान त्याच्या नेत्याला होता. आपल्याकडे १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवाराच्या शपथेतच देशाच्या अखंडतेचा उल्लेख आला आणि द्रमुकने दक्षिणेतील वेगळ्या देशाची, द्रविडनाडूची मागणी सोडली. यातील कोणती रीत सभ्य आणि कोणती मागास, असा निवाडा परदेशात बसून देण्याचा मोह मला पूर्वी होत असे. आता होत नाही. दोन संसदांच्या करारातून १७०७ मध्ये जोडलेले राज्य आणि संसदेनेच ज्याच्या घटकराज्यांच्या सीमा आखल्या ते राज्य, यांना एकच फूटपट्टी लावता येत नाही. शिवाय ब्रिटिश औदार्याची किल्लीही अखेर लंडनमध्येच आहे. पण ज्याला वेगळे व्हायचे आहे, त्याला देशद्रोही न म्हणता त्याच्याशी पेन्शन, चलन आणि तेलाच्या उत्पन्नावर दोन वर्षे भांडता येते, हे मी येथे डोळ्यांनी पाहिले, आणि ते मला आमच्या गटात सांगावेसे वाटते.

आमच्या जिन्यात खालच्या मजल्यावर निवृत्त परिचारिका असलेल्या एक बाई राहतात. २०१४ मध्ये पेन्शनच्या काळजीने त्यांनी 'नाही' म्हटले, ब्रेक्झिटनंतर खिडकीत 'हो'चे निळे पत्रक लावले आणि २०२४ मध्ये हुजूर पक्ष जावा म्हणून मजूर पक्षाला मत दिले. पत्रक उन्हाने फिकट झाले आहे, पण त्यांनी ते काढलेले नाही. गेल्या हिवाळ्यात चहा पिताना मी त्यांना फुलाची आणि दोन पानांची गोष्ट सांगितली. पुन्हा कौल घेतला गेला का, असे त्यांनी विचारले. नाही, १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झाले आणि विषय संपला, असे मी म्हणालो. त्यांनी कप खाली ठेवला. "मग त्या फुलाच्या पक्षाचे काय झाले?" २०२२ च्या निवडणुकीत त्याचे दोन आमदार निवडून आले, हे ऐकून त्या बराच वेळ खिडकीतल्या पत्रकाकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी विचारले की विलीनीकरण झाले असते, तर ते दोन तरी उरले असते का.