आपण काय लग्नातले बँडवाले आहोत का?

हे वाक्य आज संध्याकाळच्या मीटिंगमध्ये ऐकलं आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. धड जेवलोही नाही. बायको म्हणे जाऊ द्या ना, म्हटलं जाऊ देतो, पण आधी लिहून मोकळा होतो.

विषय साधा होता. शाळेच्या बँडमधल्या जुन्या पोरांचा आमचा ग्रुप, आता सगळे पन्नाशीच्या आसपास, कोणी एसटीत, कोणी केळीच्या धंद्यात, कोणी रेल्वेतून रिटायर व्हायला आलेला. जानेवारीत कार्यक्रम आहे, बावीस जण वाजवणार, गाणी ठरवायची होती. मी लिस्ट दिली. दोन मार्च (कवायतीच्या धून), मग आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीचं एक गाणं, झिंगाट, नागीनची बीन आणि शेवटी बाबुल की दुआएँ. तर आमच्यातले एक सर (नाव घेत नाही, चांगला माणूस आहे, परवा पुन्हा चहाला भेटायचंय) चष्मा काढून म्हणाले, "पब्लिकला आवडतं म्हणून काहीही वाजवायचं का? आपण काय लग्नातले बँडवाले आहोत का?" चार जण हसले.

मी नाही हसलो. माझा बाप लग्नातला बँडवाला होता. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना हे माहीत नाही, आणि ती चूक माझीच, मीच कधी सांगितलं नाही.

आबा क्लॅरनेट वाजवायचे. क्लॅरनेटच्या दोन चाव्यांच्या स्प्रिंगा तुटलेल्या, तिथे रबरबँड लावलेले. रीड, म्हणजे तोंडात धरून फुंकायची ती पातळ पट्टी, काडेपेटीत ठेवायचे. मी आठवीत असताना मे महिन्यात तापीपलीकडं चोपडा तालुक्यात एक लग्न होतं, झांजवाला आला नाही म्हणून मला उभं केलं. लाल कोट, त्याच्या बाह्या माझ्या बोटांच्याही पुढं. मे महिन्यातलं खान्देशातलं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पितळी झांज हाताला चटके देत होती आणि वरातीतली पोरं रुमाल दातात धरून जमिनीवर लोळून राहिली होती, आखो एकडाव नागीन, आखो एकडाव (अजून एकदा). नागीन अकरा वेळा वाजवली त्या दिवशी. मी मोजली होती.

आता सरांना नागीन चिल्लर वाटते. अहो सर, 1954 च्या त्या सिनेमातली बीन मुळात पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हियोलिनवर (विजेवर चालणारं पेटीसारखं वाद्य) आणि रवी यांनी हार्मोनियमवर ती काढली. संगीत हेमंतकुमारांचं, रवी तेव्हा त्यांचे असिस्टंट. म्हणजे बोटांनी पट्ट्या दाबायच्या वाद्यांवरचा सूर, दमाचा प्रश्नच नाही. तो आमच्या लोकांनी क्लॅरनेटवर आणला, ओठाने सूर वाकवून, मींड घेऊन (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत), चालता चालता, उन्हात, रीड कोरडी पडत असताना. वाजवून दाखवा ना एकदा. नुसत्या पहिल्या आठ मात्रा. मी चहा पाजतो.

आणि हेच रवी पुढं 1968 ला नीलकमलमध्ये बाबुल की दुआएँ करतात आणि 1977 ला आज मेरे यार की शादी है. वरातीत तेच, नागीनमध्ये तेच, पाठवणीलाही तेच! उत्तर हिंदुस्तानापासून आपल्या एरंडोल-पारोळ्यापर्यंत एका माणसाच्या चालींवर लोकांची लग्नं लागून राहिलीत, आणि आपण त्याला "पब्लिकचं" म्हणून नाक मुरडायचं. झिंगाटचंही तेच. रस्त्यावरचं म्हणता, पण सैराटच्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन बसले होते. तिथल्या पितळी वाद्यवाल्यांना लाज वाटली नाही, आपल्याला वाटते.

बरं, एक मान्य करतो, सगळीच गाजलेली गाणी बँडवर बसत नाहीत. मागच्या वर्षी पोरांच्या हट्टापायी एक रॅपवालं घेतलं होतं, त्यात सगळा खेळ शब्दांचा, सूर एकाच जागी खिळलेला. शब्द काढले आणि उरलं काय, ट्रम्पेट एकाच सुरावर पंचवीस वेळा पॅं पॅं. लोक मोबाईल बघत बसले. बँडला चाल लागते, वरखाली जाणारी, आणि मधे दम घ्यायला जागा. जागा नसली की ट्रम्पेटवाल्याचे ओठ सुटतात आणि तिसऱ्या गाण्यानंतर तो नुसता गाल फुगवून उभा राहतो. पट्टीही बघावी लागते, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीचा सा धरायचा ते. आपली क्लॅरनेट-ट्रम्पेट काळी पाचची, काळी पाच आणि काळी दोनमध्ये सगळे खुश, पण कोणी हौसेनं ओरिजिनल पट्टी पायजे म्हणून पांढरी तीन धरली की क्लॅरनेटवाल्याला सहा शार्प (चढे सूर) आले, मग बोटांचा गुंता. सरांनी हे बोलायला पायजे होतं, तर मीच गप बसलो असतो. मार्चनं हात बसतो, टोन सुधारतो, हेही खरंय त्यांचं.

पण ते हे बोललेच नाहीत. ते बोलले लग्नातले बँडवाले.

त्या लग्नात आम्हाला जेवायला बसवलं साडेतीनला. मांडवात नाही, मागं कडुलिंबाखाली, पंगती उठल्यावर. वरण गार, बट्ट्या कडक. आबा काही बोलले नाहीत, बट्टी कुस्करून खाल्ली, बोटं धुतली आणि रीड तोंडात धरून बसले, ओली राहावी म्हणून. मला तेव्हा त्यांचाच राग आला होता, काय माणूस आहे, भांडत का नाही.

मग पाठवणी. ढोल, साईड ड्रम सगळे दमलेले, कोणी हात लावेना. आबांनी एकट्यानं सुरू केलं, बाबुल की. खालच्या सुरात, जिथं क्लॅरनेटचा आवाज लाकडासारखा येतो. झांज नाही, काही नाही. सकाळपासून आमच्यावर खेकसणारा नवरीचा बाप जीपच्या बॉनेटला हात टेकून उभा होता, बॉनेट तापलेलं असणार, पण त्यानं हात काढलाच नाही. गाणं संपल्यावर नवरीची म्हातारी आजी आबांपुढं आली आणि म्हणाली, "भाऊ, आखो एकडाव वाजाड ना." सकाळपासून पोरं ओरडत होती तेच शब्द. आबांनी परत वाजवलं. त्याचे काही ज्यादा पैसे धरलेले नव्हते.

सर, ती आजी म्हणजे तुमचं पब्लिक.

जाऊ द्या. रागात जास्त लिहून राहिलो बहुतेक. सर वाईट नाहीत, माझ्या पोराच्या अ‍ॅडमिशनला तेच धावले होते, आणि हसले त्यातल्या दोघांचे वडीलसुद्धा भजनात पेटी वाजवायचे, त्यांनाही कुठं कळलं असेल आपण कशावर हसतोय ते. मीच तिथल्या तिथं बोलायला पायजे होतं. पिशवीत आबांची वही होती, काळी दोरी बांधलेली, सरगम निळ्या शाईत, पट्टी वर कोपऱ्यात. लिस्ट दाखवताना काढणार होतो. नाही काढली.

आता काढलीय, समोर आहे. बाबुल की चं पान तेलकट आहे, शेवटची ओळ पुसट झालीय पण लागते. दुसऱ्या क्लॅरनेटचा पार्ट काळी पाचमध्ये उतरवून ग्रुपवर टाकतो, गुरुवारी प्रॅक्टिसला झेरॉक्स आणा, आणि लिस्ट बदलायची असेल तर बदला, पण शेवटचं गाणं राहू द्या. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत एका जागी पेन्सिलची टिक दिसेल, फोटोत नीट येत नाहीये. ती आबांची आहे. दम तिथंच घ्या, आधी नको.