शून्य केबी म्हणजे रिकामी फाइल नव्हे

‘मेमरी कार्ड करप्ट झालं? घाबरू नका! हे ७ उपाय करा, रेकॉर्डिंग १०० टक्के परत!’ हा मेसेज गेले काही महिने फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला आणि तिन्ही वेळा मी तो सोडून दिला. तेव्हाच उत्तर लिहायला हवं होतं. कुडाळकडच्या माझ्या काकांनी तो वाचला, खरा मानला आणि एकेक उपाय करून मोकळे झाले. मग मला फोन केला.

काका निवृत्त शिक्षक. दशावताराची नाटकं रेकॉर्ड करण्याचा त्यांना नाद आहे. या नाटकांना लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात, त्यामुळे एका रात्रीचं नाटक दुसऱ्या रात्री तसंच्या तसं मिळत नाही. यंदाच्या जत्रेत त्यांनी पायपेटीच्या बाजूला रेकॉर्डर ठेवला. त्यात १६ जीबीचं कोरं कार्ड होतं आणि सेटिंग साध्या वेव्ह फाइलचं, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ. सव्वाबाराला नाटक सुरू झालं आणि चार तास वीस मिनिटांनी, युद्धाचा प्रवेश रंगात असताना, रेकॉर्डरचे सेल संपले. घरी येऊन कार्ड संगणकाला लावलं तर फाइलचं नाव दिसतंय, आकार मात्र शून्य केबी.

मेसेजातले सात उपाय असे: शून्य केबीची फाइल रिकामी असते, ती डिलीट करा, विंडोज फॉरमॅट करायला सांगतंय तर खुशाल करा, चेकडिस्क (विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्राम) चालवा, डॉट वेव्ह बदलून डॉट एमपीथ्री करा, कार्ड रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, पत्र्याच्या पट्ट्या खोडरबराने घासा, आणि शेवटी रिकव्हरी अ‍ॅपने फाइल त्याच कार्डावर परत आणा व कार्ड बरं झालं याची खात्री म्हणून तासभर रेकॉर्डिंग करून पाहा.

पहिल्या उपायापासूनच घोळ आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. रेकॉर्डचं बटण दाबलं की रेकॉर्डर वेव्ह फाइलच्या डोक्यावर एक छोटा मजकूर लिहितो. अगदी साध्या फाइलीत तो ४४ बाइटांचा असतो. ‘आरआयएफएफ’ ही चार अक्षरं, मग चॅनल किती, सेकंदाला आवाजाचे नमुने किती, बिट किती आणि पुढे आवाजाची लांबी किती. ही लांबी सुरुवातीला कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तिथे तात्पुरता आकडा टाकून यंत्र पुढे आवाज लिहीत जातं. स्टॉप दाबल्यावर ते मागे येतं, खरी लांबी भरतं आणि कार्डाच्या यादीतही फाइलचा आकार नोंदवतं. मध्येच सेल संपले तर हे शेवटचं काम राहून जातं. यादीत शून्य दिसतं ते त्यामुळे. वही पानोपान भरलेली, फक्त अनुक्रमणिका लिहायची राहिलेली, अशी ही अवस्था.

हिशोब करून बघा. ४४,१०० नमुने, प्रत्येकी २ बाइट, २ चॅनल, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. चार तास वीस मिनिटांचे झाले सुमारे २७५ कोटी बाइट. ते सगळे त्या रात्री कार्डावर उतरले होते. त्यांना ‘रिकामं’ म्हणून डिलीट करायला सांगणाऱ्याने निदान एकदा विचार करायला हवा होता.

तरीही डिलीट केल्याने सगळं संपत नाही. फॅट-३२ या फाइलींची यादी ठेवण्याच्या पद्धतीच्या कार्डावर डिलीट म्हणजे यादीतल्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण आणि फाइलने व्यापलेल्या जागांची साखळी पुसणं. आवाज जिथल्या तिथे राहतो. दुसऱ्या उपायातलं अर्धसत्यही इथलंच आहे, ते मान्य करतो: क्विक फॉरमॅटने यादी जाते, आवाज बहुधा राहतो. पण ‘बहुधा’ हा शब्द मेसेजात कुठेच नाही. सगळं कार्ड पुसून लिहिणारा फॉरमॅटही असतो, आणि तो निवडला गेला की परतीचा रस्ता बंद. शिवाय फाइल कुठे सुरू झाली, कुठे संपली याच्या उरल्यासुरल्या खुणाही फॉरमॅटने जातात. परत मिळवण्याच्या वाटेत फॉरमॅटची गरज कुठेच नसते. विंडोजने विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं आणि कार्ड बाहेर काढायचं.

खरा घात सातव्या उपायाने केला. काकांनी फाइल डिलीट केली, कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट केलं आणि ‘खात्री म्हणून’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळातलं भजन पन्नास मिनिटं रेकॉर्ड केलं. फॉरमॅट केलेल्या कार्डावर नवं लिखाण सुरुवातीच्या जागेपासून होतं. नाटकाच्या रात्रीही कार्ड कोरं होतं, म्हणजे नाटकही तिथूनच सुरू झालेलं. भजनाची पन्नास मिनिटं नाटकाच्या पहिल्या पन्नास मिनिटांवर बरोबर बसली. त्या कंपनीने आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, पूर्ण केला होता, गणपती, सरस्वती, संकासूर, सगळं. ते आता कुठल्याही प्रयोगशाळेत नेलं तरी परत येणार नाही. डिलीट आणि फॉरमॅट दोन्ही निभावले असते. ही ‘खात्री’ निभावली नाही.

‘मेसेजात लिवलला तसाच केलंय मी,’ काका फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून मला जो राग आला तो त्यांच्यावर नव्हता.

अ‍ॅपने ‘त्याच कार्डावर’ फाइल परत आणा, हेही त्याच जातीचं. हरवलेल्या आवाजाच्या जागेवरच सापडलेला आवाज लिहायचा, म्हणजे एक हात शोधतोय आणि दुसरा पुसतोय. फोटोरेक हा या कामाचा जुना, फुकट आणि मुक्तस्रोत प्रोग्राम आहे, क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा. फाइल हरवली हे कळताच त्या कार्डावर काहीही लिहू नका आणि सापडलेल्या फाइली त्याच पार्टिशनवर साठवू नका, असं त्याच्या माहितीपत्रातच बजावलेलं आहे. तो स्वतः कार्ड फक्त वाचतो. ज्यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं त्यांचं ऐकायचं की कोणी लिहिला हे ठाऊक नसलेल्या मेसेजचं?

चेकडिस्कचं थोडं वेगळं आहे. ते निकामी नाही, पण ते कार्डाची यादी दुरुस्त करतं, तुमचं गाणं नव्हे. ‘स्लॅश एफ’, म्हणजे दुरुस्तीचा हुकूम, लावून चालवलं की ते कार्डावर लिहितं. बेवारस साखळ्या सापडल्या तर त्यांच्या डॉट सीएचके नावाच्या फाइली करतं आणि कधी कधी आवाज त्यांत सुखरूप मिळतोही. मात्र हे करायचं ते कार्डाच्या प्रतीवर, मूळ कार्डावर नाही.

डॉट वेव्हचं डॉट एमपीथ्री करणं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणं. आतला एक बिटही हलत नाही. एवढं खरं की मुळातच एमपीथ्रीमध्ये रेकॉर्ड केलेली फाइल मध्येच तुटली तरी बहुतेक वाजते, कारण तिचा प्रत्येक छोटा तुकडा आपली माहिती बरोबर घेऊन फिरतो. ते नाव बदलून मिळत नाही.

फ्रीजरची गोष्ट फिरत्या तबकड्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवरून आली आहे. कार्डात हलणारा भागच नसतो. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरेल, एवढंच. रबराने पट्ट्या घासण्याबद्दल मात्र नाइलाजाने होकार: पट्ट्या मळल्या असतील आणि कार्ड अजिबात ओळखलं जात नसेल तर सफाईने फरक पडतो. पण घासू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवा. काकांचं कार्ड ओळखलं जात होतं, म्हणजे पट्ट्यांचा प्रश्नच नव्हता.

उरलेलं नाटक कसं मिळालं तेही सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. कार्डाच्या कडेचं कुलूप खाली सरकवलं, म्हणजे त्यावर लिहिणं बंद. मायक्रो कार्डाला हे कुलूप नसतं, ते अ‍ॅडॅप्टरला असतं. मग जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत संगणकावर काढली आणि कार्ड पाकिटात घालून ठेवलं. फोटोरेकला त्या प्रतीत भजन तेवढं सापडलं. साहजिक आहे, तो फाइली त्यांच्या डोक्यावरच्या अक्षरांवरून ओळखतो आणि नाटकाचं डोकंच भजनाखाली गेलं होतं. शेवटी ऑडासिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये ‘इम्पोर्ट’मधलं ‘रॉ डेटा’ उघडून प्रतीचा पहिला पाचवा हिस्सा आवाज म्हणून वाचायला सांगितला: साइन्ड १६ बिट, लिटल एन्डियन, स्टीरिओ, ४४,१००. पहिल्या वेळी नुसता खरखराट आला. सुरुवात एका बाइटने सरकवली आणि मृदंग ऐकू आला. आधी भजन, मग एका ठिकाणी खटकन तुटून थेट आख्यानाचं मधलं वाक्य. साडेतीन तास एकसंध मिळाले, कारण कार्ड कोरं असल्यामुळे फाइल सलग लिहिली गेली होती. कार्ड जुन्या फाइलींनी भरलेलं असतं तर तुकडे जुळवत बसावं लागलं असतं. म्हणून फॉरमॅट करायचाच तर रेकॉर्डिंगला निघण्याआधी करा, जुनं सगळं दुसरीकडे उतरवून घेतल्यावर.

काकांना ते साडेतीन तास पाठवले. त्यांनी बसून ऐकले, कुठल्या नटाने कुठे काय रचलं ते वहीत उतरवून घेतलं. सुरुवातीची पन्नास मिनिटं आता ते गावात विचारत फिरताहेत, त्या रात्री कोणी मोबाइलवर संकासूर टिपला होता का म्हणून. दोघांकडे काही तुकडे निघाले आहेत, एक चार मिनिटांचा आणि एक जेमतेम दीड.