लेमीवर आलेल्या नवीन माणसाला आधी सर्व्हर निवडायला लावू नका प्लीज

मागच्या आठवड्यात भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, मामा तू ते रेडिटसारखं, विषयवार गप्पांच्या साइटसारखं काहीतरी वापरतोस ना, लेमी, ते जॉइन कसं करायचं. झालं, मला चेव आला. लागोपाठ तीन व्हॉइस नोट्स पाठवल्या, जीमेलवाला याहूवाल्याला मेल पाठवतो की नाही तसंच हे, सर्व्हर वेगवेगळे पण सगळे एकमेकांशी बोलतात, मालक कोणी एक नाही वगैरे वगैरे. त्याचा रिप्लाय आला, "ओके मामा, नंतर बघतो."

आता ह्यात चूक माझीच आहे. आम्ही सगळे जुने लोक हेच करतो, चहा मागितला की चहाच्या मळ्याची माहिती देतो.

मी स्वतः आलो जून २०२३ मध्ये, रेडिटवाल्यांच्या लाटेत. आठवत असेल तर तेव्हा रेडिटने बाहेरच्या अ‍ॅप्सना ५ कोटी रिक्वेस्टमागे (म्हणजे रेडिटकडून माहिती मागवायच्या खेपांमागे) १२,००० डॉलर असा रेट लावला होता, त्यातल्या अपोलो नावाच्या अ‍ॅपवाल्याने हिशोब करून सांगितलं की वर्षाचे साधारण २ कोटी डॉलर होतात, मग १२ जूनपासून हजारो सबरेडिट (रेडिटवरचे विषयवार कट्टे) निषेध म्हणून बंद, आणि ३० जूनला अपोलोही बंद आणि मी अँड्रॉइडवर वापरायचो ते रिफ नावाचं अ‍ॅप पण बंद. तिथंच कोणीतरी लेमीची लिंक टाकली होती म्हणून गेलो. रस्ट भाषेत लिहिलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, २०१९ पासूनचं, हे सगळं नंतर कळलं.

तर गेलो आणि समोर काय, सर्व्हरची ही भली मोठी यादी. एक निवडा. अरे पण कशावरून निवडू? म्हणजे जो प्रश्न मुरलेल्या माणसालाही नीट सोडवता येत नाही तो पहिल्या मिनिटाला नवख्याला विचारायचा. नाव आवडलं म्हणून एक घेतला (नाव सांगत नाही, बिचारे फुकटात चालवतात). तिथं फॉर्ममध्ये प्रश्न, तुम्हाला इथं का यायचंय? च्यायला, मुलगी बघायला आलोय का मी. चार ओळी लिहिल्या, दोन दिवसांनी अप्रूव्हल आलं. तोवर निम्म्या लोकांचा उत्साह मावळलेला असतो.

पुढचा घोळ मात्र शंभर टक्के माझा. सेटिंगमध्ये भाषांची यादी होती, त्यात चक्क मराठी दिसलं. ऊर भरून आला! मराठी आणि इंग्लिशवर टिक केलं आणि "अनडिटरमाइन्ड" असं काहीतरी होतं ते काढून टाकलं, म्हटलं आपल्याला काय करायचंय ते. चार दिवस फीडमध्ये इनमिन दहा-बारा पोस्टी. मी मित्रांना सांगत सुटलो की तिथं कुत्रं पण फिरकत नाही. मग कळलं की बहुतेक लोक पोस्ट टाकताना भाषा निवडतच नाहीत आणि त्या सगळ्या पोस्टी ह्या अनडिटरमाइन्डमध्ये जातात. मराठीच्या अभिमानापायी अख्खं लेमी बंद करून बसलो होतो 😅 आणि हो, मराठीत गप्पा मारणारं मला तिथं कोणी सापडलं नाही ते नाहीच.

मग दुसरा धक्का, एकाच नावाच्या कम्युनिट्या (म्हणजे लेमीवरचे विषयवार कट्टे) तीन-तीन. टेक्नॉलॉजी लेमी डॉट वर्ल्डवर, टेक्नॉलॉजी लेमी डॉट एमएलवर, टेक्नॉलॉजी बीहॉवर, हे तिन्ही वेगवेगळे सर्व्हर. तीच बातमी तिन्हीकडे आणि कमेंटी वेगळ्या. नवीन माणूस म्हणतो एकत्र का करत नाही, त्याचं चुकत नाही, पण मला स्वतःला हे आवडायला लागलंय. तीन पारांवर तीन प्रकारच्या गप्पा. एकीकडे मॉडरेटर खडूस वाटला तर दुसऱ्या पारावर जाऊन बसायचं.

पण सर्व्हरनं काही फरक पडत नाही, कुठलाही घ्या, असं जे आम्ही ठोकून देतो ते खोटं आहे. त्याच जूनमध्ये बीहॉने लेमी डॉट वर्ल्डशी संबंध तोडले, डिफेडरेट केलं, कारण तिकडे कोणीही येऊन खातं उघडू शकत होतं आणि ह्यांच्याकडे तो लोंढा सांभाळायला माणसं मोजकी आणि टूल्स तोकडी. गंमत म्हणजे तोडल्यावरही तिकडच्या लोकांना बीहॉच्या कम्युनिट्यांची जुनी कॉपी दिसतच राहते, त्यात कमेंट पण करता येते, फक्त ती पलीकडे पोचत नाही. माझं असंच झालंय एकदा दुसऱ्या एका सर्व्हरच्या बाबतीत. अर्धा तास खपून कमेंट लिहिली, रोज बघतोय रिप्लाय आला का. दोन आठवड्यांनी कळलं की भिंतीशी बोलत होतो.

आणि सर्व्हर बंद पण पडतात. लेम डॉट ईई हा सर्व्हर चांगला मोठा होता, जून २०२५ मध्ये बंद केला, चालवणारी माणसं थकली आणि हाताखाली नवीन माणसं मिळेनात. सेटिंग आणि सबस्क्रिप्शनची फाइल काढून दुसरीकडे नेता येते, पण तुमचं नाव आणि जुनं लिखाण तुमच्याबरोबर येत नाही. हे नवीन माणसाला सांगायलाच पाहिजे, पण पहिल्याच दिवशी नको. तसंच मतांचं. अपव्होट, डाऊनव्होट कोणी दिला ते सर्व्हर चालवणाऱ्यांना दिसतं, गुप्त वगैरे काही नसतं. आणि डिलीट केलं की बाकीच्या सर्व्हरना पुसा म्हणून निरोप जातो, सगळे पुसतीलच अशी गॅरंटी नाही.

"तिथं सगळं लिनक्स आणि स्टार ट्रेकच आहे" ही तक्रार मात्र मान्य. राजकारणही एका बाजूला बरंच कललेलं आहे. पण ज्यांनी मायबोली, मिसळपाव ह्या मराठी साइटींचे दिवस बघितलेत त्यांना हे नवीन नाही, तिथंही आधी कंपू दिसायचा आणि आपण महिनोन्महिने रोमात असायचो, नुसतं वाचायचं. लेमीवर रेडिटसारखा एकूण कर्माचा (मिळालेल्या मतांच्या बेरजेचा) आकडा मिरवता येत नाही त्यामुळे पॉइंटसाठी तेच तेच टाकणारे कमी, आणि शंभर कमेंटींच्या धाग्यात आपली कमेंट कोणीतरी खरंच वाचतं.

तर रविवारी ताईकडे गेलो तेव्हा भाच्याचा फोनच घेतला. सर्व्हर मी निवडला, भाषेचं सेटिंग आहे तसं ठेवलं, फीड "लोकल"वरून (फक्त त्याच सर्व्हरच्या पोस्टी) "ऑल"वर (बाकी सर्व्हरच्याही) केलं, पाच मिनिटांत काम झालं. फेडरेशन (म्हणजे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असणं) हा शब्दसुद्धा काढला नाही. त्यानं दहा मिनिटं स्क्रोल केलं, दोन मीमवर हसला, मग म्हणाला, "क्रिकेटचं कुठंय?" शोधलं. एक कम्युनिटी सापडली, शेवटची पोस्ट कैक महिन्यांपूर्वीची.

"टाक की तू."
"तू टाक ना मामा."

टाकली, आदल्या दिवशीच्या मॅचवर, चांगली दहा ओळींची. रात्री बघितलं तर दोन मतं, एक आपण पोस्ट टाकली की आपोआप पडतं ते आणि दुसरं भाच्याचं. सकाळी मात्र एक कमेंट आलेली, ऑस्ट्रेलियातल्या सर्व्हरवरून, आपल्या बोलिंगला मनसोक्त नावं ठेवणारी. स्क्रीनशॉट भाच्याला पाठवला तर हा पठ्ठ्या त्याच्याआधीच तिथं जाऊन भांडून आला होता.