‘आलेख काढू नका’ म्हणणाऱ्यांना

एकसामयिक समीकरणांवरचा (म्हणजे एकाच वेळी खरी ठरायला हवीत अशा समीकरणांवरचा) एक मजकूर सध्या बराच फिरतोय. सार असे: आलेखाने, म्हणजे रेषांच्या छेदनबिंदूवरून, उत्तर अंदाजेच येते, लोप पद्धत (समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एक चल घालवणे) कायम अचूक, असमानता (≤, ≥ असलेली अट) आली तर ‘=’ धरून सोडवा, आणि आलेखाचा पुढे उपयोग शून्य.

पहिला मुद्दा बराचसा मान्य. ३क्ष + २य = ७ आणि क्ष − ४य = १ यांचे उत्तर (१५/७, २/७) आहे; आलेखकागदावरून ते कोणी नुसत्या डोळ्यांनी वाचून दाखवावे! आणि चले चार झाली की कागद संपलाच.

पण ‘कायम अचूक’ या शब्दांतच मेख आहे. य = क्ष आणि य = १.०१क्ष − १ घ्या. क्ष = १०० येते. आता शेवटच्या १ च्या जागी १.१ लिहा, क्ष थेट ११०. या संख्या मोजमापातून आल्या असतील, तर ०.१ ची चूक उत्तरात १० होऊन बसते. लोप पद्धत दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे उत्तर देते, कुरकुर करत नाही. आलेखात मात्र दोन्ही रेषा इतक्या चिकटून चालतात की छेदनबिंदू नेमका कुठे द्यावा, हे ठरवताना पेन्सिल अडखळते. आलेखाचा दोष म्हणून सांगितले जाते ते हेच अडखळणे. मला तर ती धोक्याची सूचना वाटते.

असमानतेबद्दलचा सल्ला सरळ चूक आहे. क्ष + य ≤ ६ आणि क्ष − य ≥ २ यांत ‘=’ धरले की (४, २) मिळते. पण (५, ०) चालतो, (३, −१) सुद्धा चालतो. उत्तर म्हणजे दोन अर्धप्रतलांचा (रेषेच्या एका बाजूच्या सगळ्या भागांचा) सामाईक भाग. (४, २) हा त्याचा नुसता कोपरा. (कोणती बाजू रंगवायची ते (०, ०) ठेवून पाहावे, रेषाच आरंभबिंदूतून जात असेल तर दुसरा बिंदू घ्यावा.) लोप पद्धतीच्या सवयीने वजाबाकी कराल तर आणखी फसाल: ५ > ४ खरे, ३ > १ खरे, वजा केले की २ > ३!

राहिला उपयोग. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत अशाच प्रदेशाच्या एका कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्यावर सरकत सर्वोत्तम (म्हणजे सर्वाधिक नफ्याचे किंवा सर्वात कमी खर्चाचे) उत्तर शोधते. तिथे चले हजारो असू शकतात, चित्र कोणी काढत नाही. पण ‘कोपरा’ म्हणजे काय, हे कळते ते दोन चलांच्या आलेखातच.