‘एल-वन अधिक १५ टक्के’ म्हणजे जास्त दर नव्हे

‘लघुउद्योगांना प्राधान्य म्हणजे तुमच्या करावर दरोडा’ अशा मथळ्याचा एक निरोप गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: केंद्र सरकारला २५ टक्के माल स्थानिक लहान कारखान्यांकडूनच घ्यावा लागतो, त्यांना त्याबद्दल १५ टक्के जास्त दर मिळतो, अनामत (टेंडरसोबत ठेवायची रक्कम) नाही, अनुभवाची अट नाही, माल कसाही दिला तरी चालतो, आणि म्हणूनच रस्त्यांना सहा महिन्यांत खड्डे पडतात.

कर भरणाऱ्या माणसाने चिडून हे पुढे ढकललं तर एक वेळ समजू शकतं. पण हा निरोप औद्योगिक वसाहतीतल्या ग्रुपांवरही आलाय, आणि ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्याने तो खरा धरून टेंडरचा रेट काढायला घेतला होता. म्हणून हे लिहायलाच हवं.

आधी १५ टक्क्यांचं बघू, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे. मूळ कागद म्हणजे सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश. २३ मार्च २०१२ चा, १ एप्रिल २०१२ पासून लागू, आणि केंद्राची मंत्रालयं, खाती व सार्वजनिक उपक्रमांवर १ एप्रिल २०१५ पासून बंधनकारक. त्याचा सहावा परिच्छेद वाचायला दोन मिनिटं लागतात. तो सांगतो: सर्वांत कमी दर, म्हणजे एल-वन, लघुउद्योगाबाहेरच्या कुणाचा असेल, आणि एखाद्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा दर एल-वनच्या वर १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या उद्योगाने आपला दर एल-वनइतका खाली आणल्यास त्याला मागणीतला काही हिस्सा पुरवता येईल. हा हिस्सा आधी २० टक्क्यांपर्यंत होता, २०१८ च्या दुरुस्तीनंतर २५ टक्क्यांपर्यंत झाला.

‘दर एल-वनइतका खाली आणल्यास’ हे शब्द निरोपात गाळलेत. अर्थ उलटा होतो तो त्यामुळेच.

समजा एखाद्या रिफायनरीला १००० गॅस्केट हवेत. मोठ्या कंपनीने नगाला १००० रुपये भरले, ती एल-वन. ‘अ’ या लघुउद्योगाने १०८० भरले, ‘ब’ने ११४०, ‘क’ने ११६०. १५ टक्क्यांचा पट्टा ११५० पर्यंत जातो. ‘क’ बाहेर. ‘अ’ आणि ‘ब’ला विचारणा होते: १००० रुपयांत द्याल का? दोघेही हो म्हणाले तर २५० नग त्यांच्यात वाटले जातात, उरलेले ७५० मोठ्या कंपनीकडे. रिफायनरीने एकूण मोजले १० लाख. प्राधान्य नसतं तरी १० लाखच मोजले असते. मग दरोडा पडला कुठे? मागणी तुकड्यांत देण्यासारखी नसेल तर सगळं काम लघुउद्योगाला देता येतं, पण तेही एल-वनच्या दराला येऊनच. १५ टक्के ही आत येऊन बसण्याची मुभा आहे, बिलात लावायचा आकडा नाही.

आता ‘ब’कडे बघा. त्याचा स्वतःचा खर्च नगाला १०९० आहे आणि ‘१५ टक्के तर मिळणारच’ असं धरून त्याने ११४० भरलेत. विचारणेचं पत्र आल्यावर त्याच्यापुढे दोनच वाटा. नाही म्हणायचं आणि काम सोडायचं, किंवा हो म्हणून नगामागे ९० रुपये खिशातून घालायचे. १२५ नगांवर ११,२५० रुपये गेले, शिवाय मशीन अडकलं ते वेगळं. निरोप लिहिणाऱ्याचं यात काहीच जात नाही.

म्हणून रेट काढताना दोन आकडे लागतात. पहिला, टेंडरमध्ये भरायचा. दुसरा, त्याच्याखाली कुठल्याही परिस्थितीत उतरायचं नाही तो. दुसऱ्यात कच्चा माल, मजुरी, वीज, तपासणीचा खर्च, पॅकिंग, खरेदीदाराच्या स्टोअरपर्यंतचं भाडं (बहुतेक टेंडरं पोच-दरानेच असतात), बँक गॅरंटीचं कमिशन आणि पैसे उशिरा आल्यास चढणारं व्याज, एवढं सगळं यायला हवं. गाळ्याचं भाडं आणि कायम कामगारांचा पगार तसाही जातच असतो, त्यामुळे मशीन रिकामं असलेल्या महिन्यात हा आकडा थोडा खाली आणता येतो. लहान कारखानदार मोठ्याच्या दराला कधीकधी उतरू शकतो तो याच जागेवरून. हा हिशेब टेंडर भरण्याआधी कागदावर झालेला असला पाहिजे, पत्र आल्यावर नव्हे.

२५ टक्क्यांबद्दलही तोच घोळ. ते खात्याच्या वर्षभराच्या एकूण खरेदीवरचं उद्दिष्ट आहे, प्रत्येक टेंडरमध्ये बाजूला काढून ठेवलेला वाटा नाही. त्याच्या आतच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून आणि ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांकडून घ्यायचे आहेत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. ३५८ वस्तूंची एक राखीव यादी आहे, आणि त्या वस्तू फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या असतात. तिथे मोठी कंपनी भाव भरतच नाही, त्यामुळे तिच्या दराला येण्याचा प्रश्न उरत नाही आणि भाव थोडा चढा राहू शकतो. हे खरं आहे. पण देशभरातले लघुउद्योग तिथे एकमेकांशी भिडतातच, आणि निरोपात या यादीचा उल्लेखही नाही.

दुसरी मान्य करण्यासारखी गोष्ट निरोपात नाही, पण ती जास्त गंभीर आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद) काढून बसलेले व्यापारी. २ जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. खरेदी धोरण स्वतः बनवलेल्या मालाला आणि स्वतः दिलेल्या सेवेला आहे. तरीही कुणीतरी बाहेरून माल आणतो, खोक्यावर आपलं लेबल चिकटवतो आणि प्रमाणपत्र पुढे करतो. ज्याची लेथ खरोखर फिरते त्याचा वाटा असा जातो, आणि याचा राग यायलाच हवा. खरेदी अधिकाऱ्याने प्रमाणपत्र आहे एवढ्यावर थांबू नये. त्यावर उत्पादन, सेवा की व्यापार असं लिहिलेलं असतं. एनआयसी कोड, म्हणजे व्यवसायाचा प्रकार सांगणारा सरकारी क्रमांक, ४५, ४६ किंवा ४७ ने सुरू होत असेल तर तो व्यापार. टेंडरमधली वस्तू त्या कोडशी जुळते का, कारखान्याचा पत्ता कुठला, विजेचं बिल औद्योगिक आहे का, एवढं पाहिलं तर बरेच जण तिथेच गळतात. जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलच्या अटींतही मालाच्या बाबतीत सवलत मागणारा स्वतः उत्पादक असलाच पाहिजे.

अनामत माफ आहे, हे बरोबर. टेंडरचे कागदही फुकट मिळतात. पण काम मिळाल्यावरची कामगिरी हमी माफ नाही. ती साधारण करारमूल्याच्या ३ ते ५ टक्के असते आणि मालाच्या वॉरंटीची मुदत संपेपर्यंत अडकून राहते. २० लाखांच्या कामात ६० हजार ते १ लाख. अनामत माफ म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस इथे बँकेच्या दारात उभा राहतो. बँकेकडून गॅरंटीची मर्यादा आधीच मंजूर करून घेतलेली बरी.

अनुभव आणि उलाढालीची अट शिथिल होते ती ‘गुणवत्ता व तांत्रिक निकष पूर्ण होत असतील तर’ या शब्दांसह. आयएसआय मार्क मागितला असेल तर तो लागतोच. धातूचा टेस्ट रिपोर्ट, नमुना, पाठवण्याआधीची तपासणी, काहीच सुटत नाही. सार्वजनिक सुरक्षा आणि आरोग्याशी संबंधित वस्तूंसाठी खरेदीदार अनुभवाची अट कायम ठेवू शकतो. कसाही माल चालतो असं म्हणणाऱ्याने नाकारलेली एक तरी लॉट परत आणताना ट्रकचं भाडं कोण भरतं ते विचारून यावं.

रस्त्यांचे खड्डे? हे धोरण माल आणि सेवांचं आहे. बांधकामाची कंत्राटं त्यात येत नाहीत. एवढं पुरे.

‘स्थानिक’ या शब्दानेही गोंधळ घातलाय. वरच्या धोरणात जिल्हा किंवा राज्य हा निकषच नाही. भोसरीचा कारखाना आणि लुधियानाचा कारखाना सारखेच. ‘स्थानिक पुरवठादार’ हा शब्द २०१७ च्या मेक इन इंडिया खरेदी आदेशातला, आणि तिथे स्थानिक म्हणजे भारतातलं मूल्य: पहिल्या वर्गाला किमान ५० टक्के, दुसऱ्याला किमान २० टक्के. वाहतूक, विमा, बसवून देणं, वार्षिक देखभाल हे त्यात धरता येत नाही. १० कोटींपर्यंतच्या खरेदीत स्वतःचं घोषणापत्र चालतं, त्याहून मोठ्या खरेदीत लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र लागतं, आणि खोटं निघालं तर दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. तिथला पट्टा २० टक्क्यांचा आहे, आणि तिथेही एल-वनच्या दराला यावंच लागतं.

सरकारी पैसा लघुउद्योगाकडे धो-धो वाहतो असं ज्यांना वाटतं त्यांनी २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याची कलमं १५ आणि १६ बघावीत. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. एवढं कडक कलम लिहावं लागलं, कारण पैसे अडकतात. ते वसूल करायचे तर चलनावर स्टोअरचा शिक्का आणि तारीख हवी, कारण पोच झाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असावा. शिक्का नसलेलं चलन घेऊन फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या पैशांचे वाद याच कायद्याखाली ऐकणारं मंडळ) गेलात, तर ४५ दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे इथूनच वाद सुरू होतो.